मडकी काढून सऱ्या

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी सासरच्या परसातली अकरा मडकी खणून काढली. कुणी सांगितलं म्हणून नाही, माझ्याच अकलेनं. त्या संध्याकाळी हातपाय धुऊन ओट्यावर बसले तेव्हा मला स्वतःचा काय अभिमान वाटला होता म्हणून सांगू. आता खोटं कशाला बोलायचं. खोटं बोलायचा कंटाळा आला म्हणून तर लिहायला बसले.

महाराष्ट्र राज्य होऊन चारपाच वर्षं झाली असतील. माझं माहेर बुलढाण्याचं, वडील कचेरीत कारकून. पाणी भरायला घरी बाई यायची, आणि मी मॅट्रिक पास. सासर अमडापूरच्या अलीकडचं एक खेडं. शेती बरी, घरात माणसं तीनच: हे, मी आणि आत्याबाई. सासूला आम्ही आत्याबाईच म्हणतो. सासरे माझं लग्न ठरायच्या आधीच गेले होते. आत्याबाई पन्नाशीच्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. सहा बाळंतपणं झालेली, त्यातलं हाताशी राहिलं एकच मूल, ते म्हणजे आमचे हे. त्यांचं बोलणं वऱ्हाडी, माझं शाळेतलं, आणि माझंच तेवढं शुद्ध अशी माझी समजूत.

घरामागं आड होता आणि आडाला लागून भाजीची वाडी. त्या घरात एक रीत होती. नवी सून आली की पेरणीच्या दिवसांत सासूनं तिची ओटी भरायची आणि गहू-खोबऱ्याबरोबर ओटीत भाज्यांच्या बिया घालायच्या. दोडका, कारलं, वाल, भेंडी, वांगी, प्रत्येकाची पुरचुंडी वेगळी. बिया ओटीत पडल्या की वाडी सुनेची झाली. मग सासूनं तिच्यात हात घालायचा नाही.

"आता तुही वाडी," आत्याबाई म्हणाल्या. "काय लावाचं, कसं लावाचं, तूच पाय."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पण भेंड्या लागल्या तशा त्या खरोखरच विचारायला लागल्या. "सूनबाई, कालवनाले चार भेंड्या तोडू काय?" ज्या मातीत तीस वर्षं बोटं घातली तिथल्या चार भेंड्या तोडायला विशीतल्या पोरीची परवानगी. मी "तोडा की" म्हणायचे. मला गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

वाडीला पाणी द्यायची त्यांची पद्धत मडक्यांची. कुंभाराकडून कमी भाजलेली मडकी आणायची, गळ्यापर्यंत जमिनीत पुरायची, भोवती बी लावायचं, मडकं पाण्यानं भरायचं आणि तोंडावर खापर झाकायचं. पाणी आतून पाझरत राहतं आणि मुळ्या आपापल्या पितात. तीनचार दिवसांनी जेवढं कमी झालं तेवढं भरून काढायचं. अकरा मडक्यांना एका वेळी दहाबारा बादल्या झाल्या की झालं. आत्याबाई सकाळी सडासारवण करता करता हे उरकायच्या, कधी उरकलं ते कळायचंही नाही.

पावसाळा संपता संपता गावात ग्रामसेवक आले. घरोघरी परसबाग करा, भाज्या खा, असं सांगत फिरायचे. आमच्याकडं चहाला थांबले तेव्हा मी पुढं होऊन त्यांना वाडी दाखवली आणि विचारलं, "पाणी द्यायची कुठली पद्धत चांगली?" गावातली एक सून असं शुद्ध बोलून विचारते म्हटल्यावर ते खूष झाले. पण माणूस प्रामाणिक होता. त्यांनी सगळं नीट सांगितलं. वाफे केले तर पाणी लवकर भरतं, पण माती वरून घट्ट होते. सऱ्या पाडल्या तर पाणी मुळाशी जातं, मात्र पाणी जास्त लागतं आणि उतार धरावा लागतो. झारी रोपांना बरी. मग मडक्यांकडं बघून म्हणाले, "ताई, ही पद्धतही वाईट नाही हो. उन्हाळ्यात आड खाली जात असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही. तुम्ही आधी बघा, पाणी किती आहे आणि ओढणार कोण."

हा प्रश्न त्यांनी विचारला होता, माझ्या तोंडावर विचारला होता. मी म्हणाले, "पाण्याला काय तोटा, आड भरलेला आहे." त्या महिन्यात कुणाचाही आड भरलेलाच असतो.

माझं मन आधीच बसलं होतं सऱ्यांवर. त्यांच्या हातातल्या पत्रकावर एक चित्र होतं. सरळ सऱ्या, दोन्ही बाजूंना रोपं, आणि पदर खोचलेली एक बाई हसत उभी. ती बाई मला व्हायचं होतं. आणि शहरातून आलेल्या माणसासमोर आपल्या परसात मडक्यांची तोंडं वर आलेली, वर फुटकी खापरं झाकलेली, याची मला लाज वाटत होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, "ही मडकी तर मला नकोतच. परस आहे की मसणवटा, तेच कळत नाही."

ग्रामसेवक हसले नाहीत. मागं वळून पाहिलं तर आत्याबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या. नवरा आणि पाच लेकरं त्या मसणवाटेनं पोहोचवलेल्या बाईसमोर मी हे बोलले होते. त्यांनी कप ठेवले आणि ग्रामसेवकांना म्हणाल्या, "तिची वाडी हाय. तिले जसं बरं वाटन तसं करू द्या."

त्या वेळीच मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, उलट चांगलं निभावलं म्हणून मनात हुश्श केलं. दोन दिवसांत कुदळ घेतली. आत्याबाई मदतीला आल्या, आणि त्या नसत्या आल्या तर मी सगळीच मडकी फोडली असती. त्यांनी एकेक हातानं मोकळं केलं. मडक्यांच्या पोटाभोवती पांढऱ्या मुळ्यांची जाळी घट्ट बसली होती. ती त्या नखांनी सोडवत होत्या, आणि मी घाई करत होते, "राहू द्या हो, फेकूनच द्यायची आहेत." दोन माझ्या हातून फुटली. बाकीची कुणीकुणी कोंबड्यांना पाणी ठेवायला नेली.

मग दोरी लावून सात सऱ्या पाडल्या. आडापासून सऱ्यांपर्यंत ह्यांनी पाट खणून दिला. पहिला हिवाळा असा गेला की विचारू नका. टमाटे, कोबी, नवलकोल, गावानं न पाहिलेलं सगळं मी लावलं. लोक बघायला यायचे. शेजारच्या चुलत सासूबाई, त्यांना मी काकू म्हणायची, भिंतीवरून डोकावून आत्याबाईंना म्हणायच्या, "पाय व, कानामागून आली अन् तिखट झाली." आत्याबाई हसायच्या. दर दोन दिवसांनी चाळीस बादल्या लागायच्या, पण आडाला पाणी वर होतं आणि माझं अंग विशीचं होतं. चाकावरून दोर सर्रसर्र यायचा. मला वाटायचं, एवढं सोपं काम या लोकांना आजवर कसं सुचलं नाही.

तोवर मला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पौषात वडील न्यायला आले. बैलांच्या दमणीत बसता बसता मी म्हणाले, "आत्याबाई, माझ्या सऱ्या सुकू देऊ नका हं. आल्यावर बघणार आहे मी." हसत म्हणाले होते. पण म्हणाले.

माहेरी मी तीनचार महिने पलंगावर बसून डिंकाचे लाडू खाल्ले. ह्यांचं पत्र यायचं, त्यात शेवटी एक ओळ असायची: वाडी हिरवी आहे, आई पाणी घालते. ती ओळ मी आईला मोठ्यानं वाचून दाखवायची. आमच्या वाडीचं कौतुक म्हणून. पाणी घालते म्हणजे काय करते, किती बादल्या, किती हात खोलवरून, हे एकदाही डोक्यात आलं नाही. चैत्रात तिथला आड निम्म्यावर जातो, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. पुरुषांनी घरच्या आडावर दोर धरला तर गाव हसायचं, म्हणून ह्यांनी धरला नाही. पण ते त्यांच्या माथी मारून माझं हलकं व्हायचं नाही. धरा म्हणून मी तरी कुठं लिहिलं होतं.

मुलगी झाली. वैशाखात तिला घेऊन सासरी आले. सगळ्या गावाची परसं करपलेली आणि आमची वाडी हिरवीगार. आधी मी तेच पाहिलं, पोरीला खांद्यावर घेऊन थेट मागं जाऊन पाहिलं. मग आत्याबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं, पोरीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी पोर पुढं केली. त्यांनी घेतली नाही. "पायन्यात ठेव," म्हणाल्या.

एकदा नाही, रोज तेच. पोर रडली तर पाळण्याशी बसून तासतासभर दोरी ओढतील, गाणं म्हणतील, तिच्या मुठीत आपलं बोट देतील, पण उचलणार नाहीत. मी आठ दिवस बघितलं. मुलगी झाली म्हणून, दुसरं काय, असं माझ्या मनानं घेतलं. माहेराहून निघताना बायकांनी 'पहिली बेटी धनाची पेटी' म्हणून माझी समजूत घातली होती, ती समजूत घालावी लागली याचाच राग माझ्यात साठलेला. एके दिवशी पोर रडून रडून काळीनिळी झाली, मी न्हाणीत, आणि या नुसत्या पाळणा हलवतायत. बाहेर येऊन मी तोंड सोडलं. "मुलगा असता तर उचलला असता ना? मुलीला हात लावला तर झिजतात का हात?"

आत्याबाई म्हणाल्या, "तसं नाई व माय."

"मग कसं?"

त्या उठल्या आणि आडावर गेल्या. मला दोर धरू देत नव्हत्या त्या. "ओली बायतीन तू, आंगात ताकत आली नाई. आता वजन उचललं त जन्माचं होऊन बसते," असं रोज म्हणायच्या. मला ते कटकटीचं वाटायचं. त्यानंतर महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्या पाळण्याजवळ आल्या की पोरीला उचलून आत न्यायची. इतकी दुष्ट मी आयुष्यात पुन्हा कुणाशी वागले नाही.

ज्येष्ठातली सकाळ. मी आत पोरीला पाजत होते. भिंतीपलीकडून काकूंची हाक आली, "ओ सूनबाई, भाईर ये लवकर." मी रागानंच बाहेर आले. आत्याबाई आडाच्या कठड्याला पाठ टेकून जमिनीवर बसल्या होत्या. दोर दोन्ही हातांना गुंडाळलेला, ताठ. भरलेली बादली आडात मध्येच लोंबकळत होती. वर ओढवत नव्हती आणि खाली सोडवत नव्हती. चेहरा घामानं निथळत होता. "आंधी बादली धर," त्या म्हणाल्या.

मी दोर घेतला. त्यांच्या तळव्यांना घट्टे पडले होते आणि घट्ट्यांवर दोराचे लाल वळ उठले होते. मी विचारलं, काय होतंय. काकूच बोलल्या, भिंतीवरून.

"तिले कायले विचारतं, मी सांगतो. तिचं आंग भाईर येते. शिमग्यापासून. पानी वढू वढू झालं. आतून फडकं बांधून हिंडते अन् मले म्हनते, कोनाले सांगू नोको. पोरगी उचलत नाई म्हनून तू आरडली ना तिच्यावर? आयकलं म्या. उचलन कशी? वजन उचललं का सारं खाली येते तिचं."

"तू चूप बस व," आत्याबाई काकूंना म्हणाल्या. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांचा, माझा नाही.

मी म्हणाले, "मग मडकी का नाही आणलीत परत? सुकू द्यायच्या होत्या सऱ्या."

"तुह्या हाती देल्ली व्हती वाडी," त्या म्हणाल्या. "तुवं मांडलेलं मी काऊन मोडू? अन् तू सांगून गेल्ती, सुकू नोका देऊ म्हनून."

त्या दिवशी सऱ्यांना पाणी गेलं नाही आणि नंतरही गेलं नाही. पंधरा दिवसांत कोबीच्या जागी माती राहिली. ह्यांना काय सांगायचं हा प्रश्न होता. आईचं असलं दुखणं मुलाला सांगायचं नसतं. 'आईला तपासून आणते' एवढंच ह्यांना सांगून मी आत्याबाईंना बुलढाण्याला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी बघितलं. म्हणाल्या, गर्भाशय खाली उतरलंय, इतकी बाळंतपणं झालेली, थोडं आधीपासून असणारच, ओझ्यानं वाढलं. शस्त्रक्रिया करावी लागेल. यातलं 'आधीपासून असणारच' एवढंच मी उचललं आणि घरी येईपर्यंत मनात घोळवलं. आधीपासून होतं, आधीपासून होतं. गाडीतून उतरताना आत्याबाईंनी एका हातानं दांडी धरली आणि दुसऱ्या हातानं लुगडं दाबून धरलं, आणि माझं ते वाक्य तिथंच संपलं.

शस्त्रक्रियेला त्या तयार झाल्या नाहीत. "या वयात कोनाकोनाले दाखवू," म्हणाल्या. मी चार वेळा बोलले, पाचव्यांदा बोलले नाही. पाचव्यांदाही बोलायला हवं होतं.

एका दुपारी धीर करून मी म्हणाले, "आत्याबाई, माझं चुकलं." त्या भाकरी थापत होत्या. "चुलीवरचं पाय," म्हणाल्या, "करपून राह्यलं." बस, एवढंच. त्यांना माफ करायचं नव्हतं असं नाही. माफ करण्यासारखं काही झालंय, हेच त्यांना कबूल नव्हतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं झालं असतं.

पुढं वाडीत पुन्हा मडकी आली. कुठलं मडकं घ्यायचं, ते बोटानं वाजवून त्यांनीच मला शिकवलं. पाणी मी भरायची. मला दुसरी मुलगी झाली. त्या बसल्या असल्या की मी पोरींना त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवायची आणि उठायच्या आधी काढून घ्यायची. पण मांडीवर कोण पोर टिकतं, ती कडेवर घ्या म्हणून हात वर करतात. थोरली फार हट्टी. आजीच्या लुगड्याला धरून उभी राहायची, हात वर करायची, आणि आजी तिच्याकडं बघत दोन्ही हात मागं बांधून उभ्या. मग पोर रडत माझ्याकडं यायची. हे मी किती वेळा पाहिलं असेल. थोरली अकरा वर्षांची झाली तेव्हा आत्याबाई गेल्या. तोवर तिनं हात वर करणं कधीच सोडून दिलं होतं, आजीजवळ जाऊन बसणंही सोडलं होतं. आत्याबाई शेवटी आजारी होत्या तेव्हा पाणी देऊन ये म्हटलं तर ती पेला ठेवून परत यायची.

आता ती स्वतः आजी आहे. दोन्ही मुली दिवाळीला येतात, नातवंडं, पतवंडं जमतात, जुन्या गोष्टी निघतात. थोरली नातीला कडेवर घेऊन हसत हसत सांगते, "आमची आजी भारी जुन्या वळणाची. मुलगी म्हणून तिनं मला जन्मात एकदा कडेवर घेतलं नाही." तिच्या हसण्यात राग नाही आता, पण पूर्वी होता, ते मला माहीत आहे. धाकटी मान हलवते. मी तिथंच बसलेली असते. दरवर्षी ठरवते, या खेपेला सांगायचं. मग ती विचारेल, पाणी एवढं का ओढावं लागलं. मग मडक्यांचं सांगावं लागेल, मसणवट्याचं सांगावं लागेल, दमणीत बसताना काय म्हणाले ते सांगावं लागेल. ज्या बाईनं शेजारणीलाही सांगू दिलं नाही तिची अब्रू कशाला काढू, असं मी स्वतःला बजावते. ते निमित्त आहे. अब्रू माझीच जाईल.

या दिवाळीतही तिनं ते सांगितलं, नव्या नातसुनेला, सगळ्यांच्या देखत. आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "हो ना गं आई?"

मी म्हणाले, "हो."